गाळाला गिऱ्हाईक नाही

पदवीच्या वर्गात ‘बाह्य व्यय’ ही संकल्पना शिकविताना कारखान्याच्या धुराड्याचे आणि शेजारच्या धोबीघाटाचे उदाहरण देण्याची अर्थशास्त्राच्या अध्यापकांची जुनी रीत आहे. कारखानदार धूर सोडतो, वाळत घातलेले कपडे काळे होतात, ते पुन्हा धुण्याचा खर्च धोब्याच्या माथी बसतो, आणि कारखान्याच्या हिशेबवहीत मात्र या खर्चाची नोंद कोठेच होत नाही. गेली पंधरा-सोळा वर्षे मी हेच उदाहरण देत आलो आहे. यंदा मार्च महिन्यात, सत्रातील अखेरच्या तासाला, शिवडीच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने हात वर केला. ‘‘सर, नाल्यातला गाळ काढतात, त्याचं वजन करून पैसे देतात. पण त्या गाळात आहे काय, हे कोणी बघतं का? आमच्याकडे त्याच चिखलातली निवटी आणि चिंबोऱ्या पकडून विकतात.’’

धुराड्याचे उदाहरण मला तोंडपाठ होते; या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढील काही आठवडे जे वाचन केले, त्याचे सार वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखक रसायनशास्त्रज्ञ नाही. परंतु ज्या खर्चाचे बिल कोणाच्याच नावावर फाडले जात नाही, तो अखेर कोण भरतो, हे पाहणे अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचे खासच नाही.

टनांचा हिशेब

मुंबईत दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नालेसफाईचे पर्व सुरू होते. अमुक टक्के गाळ निघाला, तमुक टक्के राहिला, असे आकडे वृत्तपत्रांतून येऊ लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठी नदीने काठची वस्ती गिळली, आणि विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहणारी ही नदी गटार नसून नदी आहे याचा मुंबईकरांना नव्याने शोध लागला. त्यानंतर मिठीचा गाळ हा नगरकारभारातील मोठ्या खर्चाचा विषय झाला. या खर्चाचे माप आहे मेट्रिक टन. डंपर भरतो, वजनकाट्यावर चढतो, पावती फाटते, बिल निघते.

२०२५ च्या मे महिन्यात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशात ६५ कोटी रुपयांहून अधिक रकमेचा अपहार झाल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदविला. गाळ टाकण्याच्या जागांचे करारही बनावट असल्याचा आरोप त्यात होता. त्या आरोपांची शहानिशा न्यायालयात व्हावयाची. तो या लेखाचा विषय नव्हे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की गाळ किती काढला आणि तो कोठे टाकला यावर एवढे रण माजले; परंतु तो गाळ कसला होता, हा प्रश्न त्या गदारोळात अभावानेच ऐकू आला. जी वस्तू आपण कोट्यवधी रुपये देऊन उचलतो, तिचे वजन तेवढे आपल्याला ठाऊक असावे आणि गुण ठाऊक नसावा, हा व्यवहार भुसार बाजारातील कोणत्याही आडत्याला वेडेपणाचा वाटेल.

पाणी वाहून जाते, गाळ राहतो

नदीच्या प्रदूषणाची चर्चा आपण बहुधा पाण्यापुरती करतो. पाण्यातील प्राणवायू किती, सेंद्रिय घाण किती, विष्ठेतील जंतू किती, ही मोजमापे नियमाने होतात आणि ती आवश्यकही आहेत. परंतु रसायनांचा एक वर्ग असा आहे, की तो पाण्यात फारसा सापडतच नाही. डीडीटी, बीएचसी (ज्याला शास्त्रीय भाषेत एचसीएच म्हणतात), आल्ड्रिन, डायल्ड्रिन ही कीटकनाशके, तसेच विजेच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी पीसीबी नावाची रसायने, ही सारी या कुळातली. कर्ब आणि क्लोरीन यांच्या बळकट बंधामुळे ती सहजासहजी कुजत नाहीत, आणि पाण्यापेक्षा त्यांना चरबीचा ओढा अधिक.

डीडीटीचेच पाहा. एका लिटर पाण्यात ते विरघळून विरघळणार किती, तर एका मिलिग्रॅमचा सुमारे दोनशेवा भाग. उरलेले मातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या पालापाचोळ्याला चिकटून बसते. पावसाच्या लोंढ्याबरोबर ते कण वाहत येतात. जेथे नदीचा वेग मंदावतो आणि भरतीचे खारे पाणी समोरून येते, तेथे तळाशी बसतात. माहीमची खाडी, शिवडीची चिखलवट, माहुलची खाडी या अशाच जागा होत. म्हणून नदीचे पाणी बाटलीत भरून तपासले तर हाती फारसे काही लागणार नाही. तळाचा मूठभर चिखल तपासला तर मागील कित्येक वर्षांची नोंद सापडेल. डीडीटी हवेशीर मातीत हळूहळू डीडीई या रूपात आणि प्राणवायूविरहित चिखलात डीडीडी या रूपात बदलते. मूळ पदार्थ आणि त्याची ही रूपे यांच्या प्रमाणावरून हे जुने देणे आहे की ताजी भर पडते आहे, याचाही अंदाज रसायनशास्त्रज्ञ बांधू शकतात. व्यापाऱ्याच्या खतावणीसारखाच हा प्रकार आहे; फरक एवढाच, की ही खतावणी उघडून वाचणारा कारकून आपण नेमलेला नाही.

अगदीच कोणी वाचली नाही असेही नव्हे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या सागरी परिसरातील एचसीएच आणि डीडीटी यांच्या वाटणीचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला, आणि ही दोन्ही कुळे येथील पाण्यात व गाळात हजर असल्याचे दाखवून दिले. परंतु असे अभ्यास शास्त्रीय नियतकालिकांत राहतात. नालेसफाईच्या निविदेपर्यंत त्यांचा प्रवास होत नाही.

एका वरदानाची कथा

या रसायनांना सरसकट खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. डीडीटी प्रथम १८७४ मध्ये तयार झाले. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी ओळखला, आणि त्यासाठी १९४८ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून ग्रामीण हिवताप आटोक्यात आणण्याचा मोठा प्रयोग जेथे प्रथम झाला त्यांत त्या वेळचा मुंबई प्रांत अग्रभागी होता. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली कारवार आणि धारवाड भागांत स्वातंत्र्यापूर्वीच, १९४६ च्या सुमारास, हे काम सुरू झाले होते. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९६० च्या दशकाच्या मध्यास रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. जे प्राण वाचले त्यांत आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-आजी असतील.

प्रस्तुत लेखकाच्या बालपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, सुट्टीत कोकणातील आजोळी गेलो की फवारणीवाल्यांची वर्दी येई. आजी भांडीकुंडी आणि धान्याची कणगी अंगणात काढी. भिंतींवर पांढरट ओघळ उमटत, आणि दारावर फवारणीची तारीख लिहिलेली असे. लालबागच्या आमच्या चाळीत ढेकणांवर शिंपडण्यासाठी करड्या पुडीतली उग्र वासाची भुकटी येई. खाटांच्या खाचांतून ती भरली जाई आणि रात्री त्याच खाटांवर आम्ही झोपत असू. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. ढेकूण मेले की झाले.

बीएचसीच्या भुकटीचा हिशेब तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा. या पदार्थाची अनेक रूपे असतात. त्यांपैकी कीटक मारते ते मुख्यतः गॅमा हे एकच, आणि कारखान्यातून निघणाऱ्या कच्च्या भुकटीत त्याचे प्रमाण शेकडा दहा ते पंधरा. म्हणजे शेतकऱ्याने शंभर किलो भुकटी विकत घेतली, तर औषध पंधरा किलो आणि उरलेले पंच्याऐंशी किलो निव्वळ ओझे. हे ओझेही शेतात पडले, पावसात वाहिले, नदीच्या गाळात बसले. आणि त्यातले बीटा हे रूप तर सर्वांत चिवट. स्वस्त म्हणून ही भुकटी आपण दशकानुदशके वापरली. स्वस्त कोणाला आणि किती काळ, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

पुढे बंदी आली, ती टप्प्याटप्प्याने. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीचा सर्वसाधारण वापर थांबविला. आपल्याकडे १९८९ मध्ये शेतीतील वापर बंद करून ते रोगवाहक कीटकांपुरते राखून ठेवण्यात आले. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. अशा चिवट रसायनांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, २००४ मध्ये अमलात आला, आणि भारताने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही १९५४ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी डीडीटीची देशातील प्रमुख उत्पादक. तिचा एक कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेच्या परिसरातील रसायनी येथे. पीसीबीबाबत २०१६ चा केंद्रीय आदेश निर्मिती आणि आयात थांबवितो आणि वापर संपविण्यास ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घालतो. कागदावर हे सारे ठीकच आहे. परंतु बंदीचा कायदा पुढच्या पोत्याला लागू पडतो. नदीच्या तळाशी आधीच बसलेल्या पोत्याला तो लागू पडत नाही.

गाळातून ताटात

तळाशी बसलेले विष तळाशीच राहते तर चिंता नव्हती. चिखलातील सूक्ष्म जीव ते अंगात घेतात, त्यांना कोळंबीची पिल्ले खातात, त्यांना मासे, माशांना पक्षी आणि माणसे. चरबीत साठलेले हे द्रव्य लघवीवाटे जात नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. बारावीच्या जीवशास्त्राच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकात अनेक वर्षे असलेली एक आकृती शिक्षक-वाचकांना आठवत असेल. पाण्यात डीडीटी अब्जात ०.००३ भाग, सूक्ष्म प्राण्यांत दशलक्षात ०.०४ भाग, लहान माशांत ०.५; मोठ्या माशांत २; आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५. पाण्यापासून पक्ष्यापर्यंत ही वाढ ऐंशी लाख पटींहून अधिक होते. चक्रवाढ व्याजाचे कोष्टक पाठ करणाऱ्या आपल्या समाजाला हे गणित कळण्यास अडचण पडू नये.

परळ-लालबागच्या पूर्वेस, रेल्वेच्या पलीकडे, शिवडीची चिखलवट आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि चोच उलटी करून चिखल गाळून खातात. चिखल गाळून खाणे हीच त्यांची उपजीविका. त्याच चिखलात कोळी बांधव निवटी आणि चिंबोऱ्या धरतात. थोडे दक्षिणेला दारुखान्याचा बंदर-भाग. तेथे दशकानुदशके जुनी जहाजे फोडली गेली. जुन्या जहाजांच्या केबलींच्या वेष्टनांत, रंगांत पीसीबी असू शकते, हे जगजाहीर आहे. २००६ मध्ये क्लेमेन्सो ही फ्रेंच विमानवाहू नौका अलंगला फोडण्यासाठी निघाली असता अशाच घातक द्रव्यांवरून, विशेषतः ॲस्बेस्टॉसवरून, वाद होऊन फ्रान्सने ती परत बोलाविली. हिंदमाता, परळ, लालबाग येथे तुंबणारे पावसाचे पाणीही रे रोडच्या ब्रिटानिया उदंचन केंद्रातून याच बाजूच्या समुद्रात लोटले जाते. आपल्या भागातील गिरण्या बंद पडल्या, यंत्रे भंगारात गेली; त्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कोणते तेल होते आणि ते कोणत्या गटारात ओतले गेले, हे तेव्हा कोणी विचारले असेल काय?

याहून जवळची गोष्ट सांगतो. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांतील मातांच्या दुधाची तपासणी करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या कुळातील रसायनांपैकी डीडीटी आणि एचसीएच त्यात अग्रक्रमाने सापडली. हे वाचून कोणत्याही मातेने बाळाला अंगावर पाजणे थांबवू नये. मातेच्या दुधाचे लाभ या धोक्याहून कितीतरी मोठे आहेत, हे जागतिक आरोग्य संघटनेचेही मत आहे. त्याच अभ्यासात डीडीटीचे प्रमाण पूर्वीच्या तुलनेने उतरत असल्याचीही चिन्हे होती. म्हणजे बंदीचा उपयोग होतो. परंतु ज्या बाळाने खाटेखाली भुकटी टाकली नाही, शेतात फवारणी केली नाही, त्याच्या पहिल्या घोटात आजोबांच्या पिढीचे देणे उतरावे, याहून ‘बाह्य व्यया’ची स्पष्ट व्याख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

तपासणी कोणाची होते?

येथे माझ्या विषयाशी थेट संबंध असलेला मुद्दा येतो. आपल्या देशात या रसायनांची तपासणी होते. साधने आहेत, तज्ज्ञ आहेत. मग ती केव्हा होते? दोन उदाहरणे पाहू.

पहिले चामड्याचे. पेंटाक्लोरोफिनॉल हे क्लोरीनयुक्त द्रव्य चामड्याला आणि कापडाला बुरशी लागू नये म्हणून वापरले जाई. १९८९ मध्ये जर्मनीने त्यावर बंदी घातली आणि भारतीय चामड्याच्या निर्यातीवर गंडांतर आले. लगोलग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पर्यायी द्रव्ये शोधली गेली, आणि १९९१ पर्यंत आपल्या सरकारनेही बंदी घातली. चामडे कमावणारा कामगार त्या द्रव्यात हात बुडवीत होता, तोवर कोणाला घाई नव्हती. जर्मन गिऱ्हाइकाच्या पायातील बुटाचा प्रश्न आला, तेव्हा घाई झाली.

दुसरे बाटलीतील पाण्याचे. २००३ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने दिल्ली आणि मुंबई परिसरातील बाटलीबंद पाण्याची तपासणी करून त्यात लिंडेन, डीडीटी आदी कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये शीतपेयांविषयी तसाच अहवाल आला. देशभर खळबळ माजली. श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. बाटलीबंद पाण्याचे मानक त्याच वर्षी बदलून, कोणतेही एक कीटकनाशक एका लिटरमध्ये ०.०००१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे असा काटेकोर नियम झाला आणि १ जानेवारी २००४ पासून तो लागूही झाला. अवघ्या दहा-अकरा महिन्यांत एवढे घडले.

दोन्ही प्रकरणांत समान सूत्र एकच. मालाला गिऱ्हाईक होते. पैसे मोजणारा आणि माल परत करू शकणारा कोणीतरी पलीकडे उभा होता. नदीच्या गाळाला गिऱ्हाईक नाही. तो कोणी विकत घेत नाही, उलट तो दृष्टीआड करण्यासाठी आपण पैसे मोजतो. म्हणून त्याचे वजन होते, परीक्षा होत नाही. गाळातील अशा द्रव्यांसाठी आपल्या देशाचे स्वतःचे निकषही रुजलेले नाहीत. आपले संशोधक मिठीचा किंवा ठाण्याच्या खाडीचा चिखल तपासतात आणि त्याची तुलना कॅनडाच्या किंवा अमेरिकेच्या निकषांशी करतात.

उपसावा की राहू द्यावा?

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल. गाळात विष असेल तर तो ढवळूच नये. खाली दबलेले वर येईल. हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेत हडसन नदीच्या काठच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात काही लाख किलो पीसीबी नदीत गेले. गाळ उपसावा की नव्या मातीखाली गाडला जाऊ द्यावा, यावर तेथे वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर २००९ ते २०१५ या काळात सुमारे एकवीस लाख घनमीटर गाळ उपसला गेला, तो निथळून, आगगाडीने परवानाधारक भूभरावांवर नेण्यात आला, आणि खर्च संबंधित कंपनीने सोसला. वाद घालण्यापूर्वी त्यांनी इंचाइंचाचा गाळ तपासला होता, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये.

मिठीच्या बाबतीत ‘राहू द्यावा’ हा पर्याय आपल्याला उपलब्धच नाही. गाळ राहिला तर कुर्ल्यात, सायनला, माटुंग्यात पाणी भरते. तो दरवर्षी उपसावाच लागतो; मग प्रश्न उरतो तो कोठे टाकावयाचा याचा. तो शहराच्या हद्दीबाहेर, बहुधा खाजगी जमिनींवर जातो. त्या जमिनीशेजारी कोणाची विहीर असते, कोणाचे भाताचे खाचर असते. म्हणजे मुंबईच्या नदीतील देणे आपण डंपरमध्ये भरून दुसऱ्या तालुक्याच्या नावावर चढवितो. धुराड्याच्या उदाहरणातील धोबी निदान शेजारी राहत होता. हा धोबी आपल्याला दिसतही नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. हडसनचे देणे एका कंपनीच्या नावावर मांडता आले. मिठीचे कोणाच्या नावावर मांडावे? प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केले आहे. परंतु येथे हजारो लहान उद्योग, भंगाराचे व्यापारी, शेते, घरे, आणि खुद्द सरकारचे आरोग्य खाते, असे सारेच देणेकरी. डीडीटीचा लाभ सर्वांनी घेतला. मग न्याय हाच, की ते निस्तरण्याचा खर्चही सर्वांच्या तिजोरीतून व्हावा. कोळ्याच्या टोपलीतून आणि भिवंडीकडच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून तो वसूल होऊ नये.

करता येण्याजोगे काही

यासाठी नवे महामंडळ नको, परदेशी कर्ज नको. गाळउपशाची निविदा काढण्यापूर्वी नदीच्या आणि मोठ्या नाल्यांच्या प्रत्येक टप्प्यातील चिखलाचे नमुने घेऊन त्यांत डीडीटी, एचसीएच, पीसीबी आणि जड धातू किती, हे तपासावे आणि तो तक्ता निविदेलाच जोडावा. ज्या टप्प्याचा गाळ निर्दोष असेल तो भरावासाठी जावा. ज्याचा सदोष असेल तो तळोज्यासारख्या, घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या अधिकृत केंद्राकडे जावा. टनांच्या आकड्याशेजारी गुणांचाही आकडा जाहीर व्हावा. भाभा अणुसंशोधन केंद्र, पवईची आयआयटी, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र, या साऱ्या संस्था याच शहरात आहेत. पवईच्या संस्थेच्या तर उशालाच मिठीचा उगम आहे. हजारो टन गाळामागे काही शेकडा नमुन्यांच्या तपासणीचा खर्च हा एकूण बिलाच्या तुलनेत नगण्यच राहील.

१९७० मध्ये देशात फार लवकर जलप्रदूषण प्रतिबंधक मंडळ स्थापन करणाऱ्या महाराष्ट्राने गाळाचे निकष ठरविण्यातही पुढाकार घ्यावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. १९६९ चा आपला राज्याचा कायदा केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधीचा आहे, याचे स्मरण आपल्या लोकप्रतिनिधींना करून द्यावयास हवे.

हे सारे टिपण मी त्या विद्यार्थ्याला वाचावयास दिले. त्याने ते परत केले तेव्हा तो थोडा गप्प होता. मग म्हणाला, ‘‘सर, हे बरोबर आहे. पण छापून आलं तर पहिल्यांदा आजीचा धंदा बसेल. ती तीस वर्षं टोपली घेऊन बसते.’’

त्याचे म्हणणे खरे होते आणि माझ्या टिपणातील उणीव नेमकी तीच होती. खोल समुद्रातून येणाऱ्या सुरमई-पापलेटचा या चिखलाशी संबंध नाही. परंतु बाजारात बातमी पोहोचते तेव्हा असा फरक कोणी करीत नाही. तपासणीचा पहिला फटका गाळ करणाऱ्याला बसत नाही, गाळात राबणाऱ्याला बसतो. म्हणून शिवडी-माहीमच्या मासळीची तपासणी करावयाची, तर ती कोळ्यांना विश्वासात घेऊनच व्हावी. एखाद्या जागेची मासेमारी थांबवावी लागली तर तेथील कुटुंबांची भरपाई त्याच आदेशात, त्याच तारखेस ठरलेली असावी. अन्यथा आपण पुन्हा तेच करू. एकाचे देणे उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू आणि त्याला सुधारणा म्हणू.

पुढील सत्रापासून वर्गात धुराड्याचे उदाहरण मी देणार नाही. शिवडीच्या चिखलाचे देईन, आणि भरपाईचे कलम त्या आजीपासून सुरू करीन.